टाकी गळत नव्हती

"टाकी गळतीय का रं, लाला?" मानसिंगदादांनी उंबऱ्यातूनच विचारलं आणि लालासाहेब म्हणून गेला, "व्हय. गळतीय." म्हणून झाल्यावर त्याला स्वतःच्याच तोंडाचं नवल वाटलं. टाकी गळत नव्हती. आष्ट्याच्या अलीकडं उसाच्या गाडीवरची मोळी सुटून रस्त्यात आली, त्यानं ब्रेक दाबला, फटफटी आडवी झाली, हँडल गर्रकन फिरून टाकीवर आदळलं आणि तिथं तळहाताएवढा पोचा पडला, एवढंच झालं होतं. झाकणातून सांडलेलं ओंजळभर पेट्रोल कडेच्या फुफाट्यानं पिऊन टाकलं. गाडीवानानं खाली उतरून त्याला उठवलं, "साहेब, लागलं का?" म्हणून चारदा विचारलं आणि लालासाहेब धूळ झटकून पुन्हा निघाला. तिथून सांगलीपर्यंतचे बारा-तेरा मैल गाडी मुकाट्यानं आली होती. पण दादा म्हणाले, "मग आज कशी न्यायची माघारी? ऱ्हा की आता," आणि ते 'ऱ्हा' ऐकताच लालासाहेबाचा तोल गेल्यासारखं झालं. जिन्याची शेवटची पायरी संपली हे न कळता पाय पुढं टाकावा तसं. सात वर्षं तो दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी थोरल्या भावाच्या या घरी येत होता. दहाला यायचं, एकला जेवायचं, तीनला निघायचं. हा नियम कुणी घातला नव्हता. पण कुणी मोडलाही नव्हता. रंगूवहिनी दाराच्या फळीला हात लावून उभ्या होत्या. त्यांनी एकदा टाकीकडं बघितलं, एकदा त्याच्या खरचटलेल्या गुडघ्याकडं, आणि आत गेल्या. तेवढ्यात मनू बाहेर पळत आली, रिबिनीचं एक टोक दातात धरलेलं. "काका, तुमी आज ऱ्हाणार? खरंच ऱ्हाणार?"

मनू नऊ वर्षांची होती आणि ती लालासाहेबाची पोटची मुलगी होती. हे घरातल्या तिन्ही मोठ्या माणसांना ठाऊक होतं, गल्लीतल्या दोन-चार म्हाताऱ्यांना ठाऊक होतं; तिला नव्हतं. ती मानसिंगदादांना आबा म्हणायची, रंगूवहिनींना आई म्हणायची आणि त्याला काका. पहिल्या वर्षी तो शब्द खड्यासारखा रुतायचा. मग तिथं घट्टा पडला. आता तर राहत्या गावी, साताऱ्यात, कुणाच्या तरी पोरानं रस्त्यात 'काका' म्हणून हाक मारली की तो चटकन मागं वळायचा आणि दुसराच कोणी दिसला की उगाच ओशाळायचा. वजनमापे खात्यात तो निरीक्षक होता. बाजारपेठांतून फिरायचं, काटे बघायचे, झिजलेली वजनं जप्त करायची. दुकानदार त्याला वचकून असत. त्याच्या हातात वजन आलं की ते किती गुंजांनी कमी हे त्याला नुसत्या हाताला कळतं, असं ते म्हणत. ते खरं नव्हतं. तो फक्त थोडा वेळ गप्प उभा राहायचा आणि त्या गप्प राहण्याला लोक घाबरायचे. गप्प राहणं त्याला लहानपणापासून चांगलं जमत होतं.

मार्केट यार्डाच्या मागच्या बोळात बिराप्पाचं पत्र्याचं दुकान होतं. दुपारी लालासाहेब गाडी ढकलत तिथं घेऊन गेला. बिराप्पा जत भागातला, मूळ मेंढरं राखणाऱ्या घरातला. पुण्याच्या मिलिट्री वर्कशॉपात पत्रा ठोकायला शिकून आलेला. जानेवारीचे दिवस, यार्डात नव्या हळदीच्या थप्प्या लागलेल्या. बोळातल्या कुत्र्यांच्या पाठीवरसुद्धा पिवळी भुकटी होती. बिराप्पानं टाकी सोडवली, पेट्रोल एका डब्यात काढलं, टाकीत काठोकाठ पाणी भरलं आणि शेगडीतली कोरडी राख जमिनीवर पसरून तिच्यावर ती ठेवून दिली. मग बिडी पेटवून लांब जाऊन बसला. बिडी संपल्यावर त्यानं टाकी उचलली. राखेवर थेंबाचा डाग नव्हता.

"साहेब, ही गळत न्हाई."

"न्हाई."

"मग तुमी गळती म्हणालासा ते?"

बिराप्पानं पोच्यावरून अंगठा फिरवला. "वरनं लांबीचा लेप भरून रंग मारला तर दोन तासात देतो. दिसायचा न्हाई. पन पोचा आत तसाच. आतनं सळी घालून काढायचा म्हटलं तर उद्या सांज हुईल."

"आतनं काढा. आनि सोमवारपतोर लावा."

"सोमवार कशाला?"

"लावा. कुणी इचारलं तर गळत हुती म्हणा."

"कोन इचारनार?"

"माजे थोरले भाऊ. इथंच दिवाणजी हायेत, हळदीच्या अडतीवर."

बिराप्पानं त्याच्याकडं नीट बघितलं. त्याच्या डोळ्यात चेष्टा नव्हती, म्हणून जास्त लागलं. "भावाच्या घरी ऱ्हायाला टाकी फुटावी लागती व्हय, साहेब?" असं म्हणून त्यानं कढत पाण्यात सोडा टाकला आणि टाकी विसळायला घेतली. एकदा, दोनदा, तीनदा. "पेट्रोल जातं," तो कामाकडं बघत म्हणाला, "वास जात न्हाई. आनि पेट घेतो तो वासच. धा वेळा धुतल्याबिगार मी इस्तू जवळ आणत न्हाई."

तिथून घरी येताना लालासाहेबानं तार ऑफिसात जाऊन साताऱ्याला बायकोला, अंजनाला, तार केली: टूर वाढला. मंगळवारी येतो. तारबाबूनं शब्द मोजले तेव्हा त्याच्या मनात आलं, हेही खोटं. महिन्यातला तो एक शनिवार अंजनाला तो टूरच सांगत आला होता. सांगलीचं नाव घरात निघत नसे. अंजनानं सात वर्षांत सांगली, वहिनी, मनू यांतला एकही शब्द उच्चारला नव्हता, आणि ज्या कारणानं उच्चारला नव्हता ते कारणही त्यानंच, असंच, एका वाक्यात बनवून तिच्या हातात दिलं होतं.

मनू आठ महिन्यांची असताना अंजनाच्या थुंकीतून रक्त पडलं. मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला, क्षय म्हणाले, पोर आजपासून अंगावर पाजायचं नाही, जवळ ठेवायचं नाही. त्या वेळी रंगूवहिनी तिथंच होत्या. लग्नाला अकरा वर्षं झालेल्या, पदरात मूल नसलेल्या. दवाखान्याच्या फाटकाशी अंजनानं मूल त्यांच्या हातात दिलं ते तोंडाला पदर लावून, हात लांब करून, आपला श्वास त्याच्यावर पडू नये म्हणून मान मागं वळवून. लालासाहेबाला ती मागं वळलेली मान अजून दिसायची. मूल देताना अंजनानं मुलाचं तोंड बघितलं नव्हतं. चौदा महिने ती खाटेवर होती. तो साताऱ्याहून आठवड्याला यायचा, आधी मिरजेला, मग सांगलीला. इकडं मनू रांगायची, उभी राहायची, वहिनींचा पदर धरून चालायची. तिकडं अंजना विचारायची, दात आले का, किती आले, आणि तो बोटं दाखवायचा. मग अंजना बरी झाली. पुन्हा मूल होऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. साताऱ्यात दोन महिने ती नुसती जेवली आणि झोपली, तिच्या गालावर मांस आलं, आणि एक दिवस ती म्हणाली, "आता आना तिला." त्या सकाळपासून तिनं गवळ्याकडून अर्धा शेर म्हशीचं दूध जास्त लावलं.

तो येष्टीनं आला होता. तो दिवस त्यानं इतक्या वेळा उलगडला होता की त्याच्या घड्या आता कुजायला आल्या होत्या, आणि तरी त्यात त्याला काहीच सापडत नव्हतं. कुणी अडवलं नव्हतं. दादा त्या दिवशी अडतीवर गेले नाहीत. वहिनींनी पाणी आणलं तेव्हा तांब्यावरचं फुलपात्र वाजत होतं. मनू त्यांच्या मांडीवर झोपली होती, मूठ त्यांच्या मंगळसूत्रात अडकलेली. जेवण झालं. भाकरी, वांग्याचं भरीत, त्याला आवडतो तसा खर्डा. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते आणि त्याला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. 'पोरीला न्यायला आलोय.' वाक्य तोंडात तयार होतं, घासाबरोबर वरखाली होत होतं. वडील गेल्यावर दादांनी शाळा सोडली आणि त्याला शिकवलं, हे त्याला आठवत होतं का? आठवत होतं. पण त्यामुळं नव्हे. वहिनींचं तोंड बघवत नव्हतं का? तेही होतं, आणि त्यामुळंही नव्हे. त्याला नुसतं वाटत होतं की दुसऱ्या कुणीतरी सुरुवात करावी. दादांनी म्हणावं, 'मग नेतोस ना?' वहिनींनी रडावं. मनूनं तरी उठावं. तिसरा प्रहर झाला. दादा म्हणाले, "मग?" आणि तो म्हणाला, "निघतो."

साताऱ्यात दार उघडून अंजना त्याच्या मागं बघत राहिली होती, जणू तो पोरीला पाठीशी लपवून आणतोय. त्यानं चपला काढल्या आणि म्हणाला, "वहिनी देत न्हाईत. पाया पडल्या माज्या." खरं सांगायला फार बोलावं लागलं असतं. हे थोडक्यात झालं. अंजना तिथंच खाली बसली. तिनं शिवी दिली नाही, शाप दिला नाही. गवळ्याचं जास्तीचं दूध मात्र तिनं बंद केलं नाही. किती तरी दिवस ते येत राहिलं, ती तापवायची, ते नासायचं, ती ओतून द्यायची. मग कधी तरी गवळीच बदलला.

शनिवारची रात्र, रविवार, सोमवार. लालासाहेब त्या घरात सात वर्षांत पहिल्यांदाच झोपला, पहिल्यांदाच उठला. मनू सकाळी कशी असते हे त्याला माहीत नव्हतं. ती उठल्यावर बराच वेळ कुणाशी बोलत नाही, चुलीपुढं गुडघ्यात हनुवटी घालून बसते, ही अंजनाची सवय होती, थेट तशीच, चौदा महिन्यांच्या खाटेपलीकडून, कुणी न शिकवता आलेली. ते बघून त्याला इतकं गलबलून आलं की तो परसात जाऊन उगाच राखुंडीनं दुसऱ्यांदा दात घासू लागला. वहिनी तिच्या वेण्या घालत. फणी अडकली की मनू "आई गं, हळू की" म्हणे आणि वहिनी तिच्या डोक्यावर हलकेच टपली मारत. त्यांचं एकमेकींशी काय चाललंय याकडं दोघींचंही लक्ष नसे. इतकं ते रोजचं होतं. या तीन दिवसांत त्याला काय हवं होतं? काही तरी चुकलेलं दिसावं, एखादी खोट, जिथं बोट ठेवून म्हणता येईल, बघा, हे आईनं केलं नसतं. त्याच्या धंद्याला धरूनच होतं ते. पण वजन पुरं भरत होतं. रविवारी त्यानं मनूची गणिताची वही हातात घेतली तर पुठ्ठ्यावर तिनं वळणदार अक्षरात लिहिलेलं, कु. मनीषा मानसिंग बाबर. आडनाव त्याचंच होतं. मधलं नाव तो बघत राहिला. तिथं कुणी खाडाखोड केली नव्हती, लपवलं नव्हतं; पोरीनं शाईचा टाक बुडवून, जीभ दाताखाली धरून, मन लावून लिहिलं होतं.

"काका, अक्षर चांगलं हाय ना?"

"लय चांगलं."

सोमवारी शाळा सुटल्यावर तो तिला घेऊन आयर्विन पुलावर गेला. कृष्णेचं पाणी खाली हिरवट, संथ. पलीकडच्या मळईच्या रानात कुणीतरी वांग्यांना पाणी घालत होतं. मनू कठड्याच्या गजांतून खाली बघत बोलत होती, शाळेतल्या बाईंचं, एका मैत्रिणीच्या घरी मांजरीनं दिलेल्या पिलांचं, आणि त्याच आवाजात, खाली बघतच तिनं विचारलं, "काका, साताऱ्याची काकू कवाच का येत न्हाई?"

"तिची तब्येत बरी नसती."

"पन आजारी असताना बी ती इथंच मिरजेला हुती की. आईनं सांगितलंय." तिनं गजाला नाक टेकलं. "मी तिला आवडत न्हाई का?"

लालासाहेबानं कठड्याचं लोखंड घट्ट धरलं. ते उन्हानं तापलेलं होतं. इथं एक वाक्य बोलायला हवं होतं, कोणतंही, आणि पुन्हा त्याला तेच झालं, घशात एक घास, वर नाही, खाली नाही. "तसं न्हाई गं," एवढंच तो म्हणाला. मनूनं मान हलवली. मोठ्या माणसाला अवघड वाटू नये म्हणून मुलं हलवतात तशी. तिनं पुन्हा पिलांचं सुरू केलं. परत येताना तिनं त्याचा हात धरला नाही. धरायचा प्रश्नच नव्हता, ती मोठी झाली होती. तरी त्याचा हात वाटभर थोडा उघडाच राहिला.

मंगळवारी दादा अडतीवर गेले, मनू शाळेला गेली. लालासाहेब बिराप्पाकडं जायला चपला घालत होता. वहिनी परसातून आल्या, हात पुसले आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

"भावजी, टाकी गळत न्हवती."

दुसऱ्या चपलेत जाणारा त्याचा पाय जमिनीवरच राहिला.

"शनवारी दुपारपतोर गाडी अंगणात हुती. थेंब न्हवता खाली. अंगन मी झाडते." त्यांचा आवाज खाली आला. "तीन दिस मी झोपलेली न्हाई. मागायला आलासा व्हय? मागायची असंल तर मागा. पन असं घरात बसून बघत ऱ्हाऊ नगासा. माझा जीव जातोय."

"न्हाई, वहिनी. मागायला न्हाई आलो."

"मग कशाला आलासा?"

"बघायला." हे खरं होतं, आणि किती थोडकं होतं ते बोलल्यावर त्याला कळलं. वहिनी खाली बसल्या. त्या बोलल्या ते त्याच्याशी नव्हे, समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखं. "त्या दिशी तुमी आलासा तवा मी तिचं गठुडं बांधून ठिवलं हुतं. दाराच्या आड. आदल्या राती बांधलं. ह्यांनी सांगितलं, लाला उद्या येनार, त्याचं हाय ते त्याला द्यायचं, तोंड वाकडं करायचं न्हाई. मी न्हाई केलं. जेवन वाढलं. तुमी आता म्हनशीला, मग म्हनशीला, म्हनून मी उभीच हुते. तुमी चपला घातलासा. तुमी मागितलीच न्हाई, भावजी."

लालासाहेबाला ऐकू येत होतं, पण शब्द एकेक करून, लांबून येत होते. दाराच्या आड. त्या दिवशी तो ज्या पाटावर जेवला तिथून ते दार चार हातांवर होतं.

"मला वाटलं, अंजनालाच नगो असंल," वहिनी म्हणाल्या. "आजारातनं उठलीया, पोरीचं करनं झेपत नसंल. मग सात वर्सं ती फिरकली न्हाई तवा वाटलं, खरंच नगो हाय. मी तिला मनातनं लय बोलले. आईचं काळीज हाय का दगूड, म्हनले. एवढं येक सांगा. का येत न्हाई ती?"

आणि त्यानं सांगितलं. उभ्याउभ्याच, एक चप्पल पायात, एक बाहेर. 'वहिनी देत न्हाईत, पाया पडल्या' हे वाक्य त्यानं जसंच्या तसं सांगितलं, कारण बदलून सांगण्याइतकं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. वहिनींनी तोंडावर हात ठेवला. त्या ओरडतील असं त्याला वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हात काढून त्या अगदी हळू म्हणाल्या, "म्हंजे ती तिकडं मला शिव्या देत बसली, आनि मी इकडं तिला." मग, "आता न्हाई देता यायची, भावजी. तवा दिली असती. आता मी मरंन." आणि त्या उठून आत गेल्या. त्यांनी भाकरीची फडकी बांधून आणून त्याच्या हातात दिली, वाटेत खायला, दर वेळी देत तशीच, आणि दार लावून घेतलं.

बिराप्पानं टाकी बसवून ठेवली होती. पोचा गेला होता. नव्या रंगाचा तेवढा तुकडा जुन्यापेक्षा किंचित काळा दिसत होता. "चार म्हैन्यांनी उन्हानं येक हुईल," तो म्हणाला. लालासाहेबानं किक मारली आणि निघाला.

आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, कराड. रस्ताभर उसाच्या गाड्या. त्याला दिसत काहीच नव्हतं, फक्त हात गाडी चालवत होते. सात वर्षं तो स्वतःला सांगत आला होता की त्यानं त्याग केला. वहिनींच्या ओटीत पोर राहू दिली. असं करायला मन मोठं लागतं. कधी कधी, फार वाईट वाटलं की, तो या गोष्टीला हळूच हात लावून बघायचा, खिशातलं पाकीट आहे ना बघावं तसा. आज तिथं काही नव्हतं. त्याग करायला मागणारा लागतो. त्याच्याकडं कुणी काही मागितलंच नव्हतं. दोन बायका, एक दार उघडून बसलेली, एक दाराआड गठुडं ठेवून उभी, आणि मधल्या पाऊणशे मैलांवर तो, तोंडात घास धरून. कराडच्या पुलावर त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वाऱ्यानं येतंय असं त्याला आधी वाटलं. उंब्रजला तो थांबला तरी ते थांबेना. एका चहावाल्यानं बाकडं पुसून त्याला बसायला दिलं आणि न मागता पाण्याचा गडू समोर ठेवला.

साताऱ्यात पोचला तेव्हा अजून ऊन होतं. अंजना खोलीच्या दारात सुपात तांदूळ निवडत बसली होती. त्यानं फटफटी लावली, तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि, पाणीसुद्धा न मागता, बोलायला लागला. पहिलं वाक्य सगळ्यात अवघड जाईल असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही. "त्यांनी न्हाई म्हटलं न्हवतं, अंजना," तो म्हणाला. "मीच मागितली न्हाई." मग पुढचं सगळं, पाट, खर्डा, दादांचं 'मग', दाराआडचं गठुडं. दर महिन्याचा शनिवारही त्यानं सांगितला. तिथं तिनं पहिल्यांदा मान वर केली. "ते ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "दर खेपंला कपड्याला हळदीचा वास येतो." आणि पुन्हा निवडायला लागली. तिची बोटं थांबली नव्हती. खडा इकडं, तांदूळ तिकडं. तो बोलून संपला, तरी ती निवडतच होती. सूप संपलं तेव्हा तिनं विचारलं,

"गठुड्यात काय काय हुतं?"

"ते... ते मी न्हाई इचारलं."

"तेबी इचारलं न्हाई," अंजना म्हणाली. रागानं नव्हे, नुसतं, एखादी गोष्ट नीट ऐकून घ्यावी तसं. ती सूप घेऊन आत गेली. तो उठून बघायला गेला नाही. आज तिच्याजवळ जाण्याचा हक्क आपल्याला आहे का, हे त्याला ठरवता येईना. पुढं तिन्हीसांजेला तिनं दिवा लावला, भात केला, त्याला वाढलं. स्वतः जेवली नाही.

सकाळी तो उठला तेव्हा ती अंघोळ करून, धुवट हिरवं लुगडं नेसून तयार होती. हातात कापडी पिशवी.

"सांगलीला पहिली गाडी कितीला हाय?"

"सातला. पन फटफटीवरनं नेतो की मी. टाकी झालीया आता."

"नगो."

"मग मी बी येतो येष्टीनं. रजा टाकतो."

"तुमी नगा," अंजना म्हणाली. "तुमी असला की सगळ्यांचं बोलायचं ऱ्हातं."

तो तिच्या मागं मागं स्टँडपर्यंत गेला. राजवाड्यावरून खाली उतरताना दुकानांच्या फळ्या निघत होत्या, आणि एका वाण्यानं त्याला बघून लगबगीनं नमस्कार घातला. अंजना पुढं चालत होती, तिचं चालणं त्याला नवं वाटलं. आजारानंतर ती नेहमी भिंतीच्या कडेनं चालायची, आज रस्त्याच्या मधून चालली होती. तो मनात विचारत होता, ती काय करणार? आणायला चाललीय? भांडायला? वहिनींचा शब्द, 'मी मरंन', त्यानं तिला सांगितला होता. काही राखून ठेवलं नव्हतं. विचारलं तर ती सांगेल की नाही हे कळत नव्हतं, आणि विचारणं त्याला जमलं नाही. गाडी लागलेली होती. ती चढली, खिडकीशी जागा मिळाली, पिशवी मांडीवर घेतली. तो खाली, खिडकीच्या गजांशी उभा राहिला.

"वहिनी काय म्हणतील ते..." त्यानं सुरुवात केली.

"त्यांच्या पायावर डोकं ठेवनार हाय मी," अंजना म्हणाली. "सात वर्सं त्यांचं वाईट चिंतलं. ते आधी. बाकीचं मग." कंडक्टरनं दार ओढलं. इंजिन सुरू झालं आणि खिडकीचे गज थरथरायला लागले. अंजना समोर बघत होती. मग तिनं तोंड त्याच्याकडं वळवलं. इतक्या वर्षांत तिच्या चेहऱ्यावर त्यानं भीती बघितली नव्हती, दवाखान्यातसुद्धा नव्हती. ती आता होती.

"ती मला काय म्हणंल?" तिनं विचारलं.

या वेळी लालासाहेब बोलला.

"काकू."

अंजनाचे ओठ एकदा हलले. आवाज न करता तिनं तो शब्द स्वतःशी म्हणून बघितला.

"बरं," ती म्हणाली, आणि गाडी हलली.